कराटेचा क्लास लावताना तीन वर्षांचा हिशोब मांडा

जून महिना आला की सोसायटीच्या फाटकावर आणि शाळेच्या भिंतीलगत कराटे-तायक्वांदोच्या क्लासचे फ्लेक्स लागतात. वर आत्मविश्वास, शिस्त, स्वसंरक्षण आणि खाली महिन्याची फी. वरचे शब्द खोटे नाहीत. बुजऱ्या मुलाचा आवाज खणखणीत झालेला, चिडकी मुलगी हरल्यावर प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार करायला शिकलेली मी पाहिली आहे. पण हे सहा महिन्यांत घडत नाही. वयात येणाऱ्या मुलाला निदान तीन वर्षं एकाच शिक्षकाच्या नजरेखाली घालवावी लागतात, तेव्हा कुठे फरक दिसतो. म्हणून पालकांनी महिन्याच्या फीवर न थांबता तीन वर्षांचा खर्च मांडावा. फी परवडली, पण दीड वर्षाने बाकीचे खर्च झेपेनात म्हणून मूल घरी बसलं, तर तोवरचा पैसा आणि मुलाची उमेद दोन्ही वाया जातात.

पुणे, नाशिक, ठाण्यासारख्या शहरांत आठवड्याला दोन-तीन दिवसांच्या क्लासची फी साधारण ६०० ते १,५०० रुपये असते. मध्यम क्लासचा ढोबळ आकडा १,००० धरू. तीन वर्षांची फी झाली ३६,०००. प्रवेश शुल्क १,०००. मूल वाढतं, त्यामुळे दोन ड्रेस, २,०००. सहा बेल्ट परीक्षा, प्रत्येकी सरासरी ९०० धरल्या तर ५,४००. वर्षाला दोन स्पर्धा, प्रत्येक वेळी प्रवेशिका, प्रवास आणि खाणं मिळून २,००० असे १२,०००. कुमिते म्हणजे समोरासमोरच्या लढतीसाठी हातमोजे, शिनगार्ड, माउथगार्ड असा सेट ४,०००. वर्षातून एक शिबिर १,५००चं, म्हणजे ४,५००. बेरीज ६४,९०० रुपये. फ्लेक्सवरच्या फीत दिसत नाहीत असे जवळजवळ २९,००० रुपये त्यात आहेत.

हा खर्च लबाडीचा आहे असं मी म्हणत नाही. स्पर्धा आणि शिबिरं मुलांना खूप काही देतात. पण त्यांतलं सक्तीचं काय आणि ऐच्छिक काय, हे प्रवेशाआधी सरांना स्पष्ट विचारा. स्पर्धा, त्यासाठीचा सेट आणि शिबिर वगळलं तर हीच तीन वर्षं ४४,४०० रुपयांत होतात, आणि पहिलं वर्षभर मुलाचं स्पर्धेवाचून काहीही अडत नाही.

सगळ्यांत जास्त गोंधळ बेल्टचा. आधुनिक ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्या सुरुवातीच्या पद्धतीत पट्ट्यांच्या रंगांची आजच्यासारखी लांब रांग नव्हती. ती पुढे, मुख्यतः युरोपात ज्युदो शिकवताना, रूढ झाली आणि कराटेनेही पट्टे घेतले. रंगांचा क्रम, मधले ‘हाफ बेल्ट’, दोन परीक्षांमधलं अंतर हे सारं त्या त्या संघटनेवर ठरतं. त्यामुळे एका क्लासचा हिरवा पट्टा दुसऱ्या क्लासात मान्य होईलच असं नाही, आणि गाव बदललं तर पुन्हा खालून सुरुवात करावी लागू शकते. मधल्या रंगांच्या परीक्षेला ४०० ते १,५०० रुपये लागतात. ब्लॅक बेल्टला मात्र ५,००० पासून २५,००० पर्यंतही मागितले जातात. हा आकडा पहिल्याच दिवशी विचारा. त्यात प्रमाणपत्र, पट्टा, बाहेरून येणाऱ्या परीक्षकाचा खर्च धरला आहे का, तेही विचारा. तीन महिन्यांनी ठरल्यासारखी परीक्षा येते आणि सगळी मुलं सरसकट पास होतात, तिथे परीक्षा हे क्लासच्या उत्पन्नाचं साधन झालेलं असतं. मुलाला ‘अजून तयार नाहीस, पुढच्या वेळी बस’ असं सांगणारे सर मला जास्त विश्वासाचे वाटतात. ते ऐकून दोन महिने नेटाने सराव केलेल्या मुलाच्या हाती जे लागतं, ते कुठल्याच परीक्षेच्या फीत विकत मिळत नाही.

‘दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी’ असं पॅकेज सरळ नाकारा. तायक्वांदोत दक्षिण कोरियातल्या कुक्कीवॉनचं प्रमाणपत्र जगभर चालतं. तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना ‘दान’ हा ब्लॅक बेल्टचा दर्जा मिळत नाही, मुलांसाठीचा ‘पूम’ मिळतो. नऊ वर्षांच्या मुलाला ‘फर्स्ट दान’ देऊ म्हणणाऱ्याला हा नियम दाखवा. कुक्कीवॉनच्या प्रमाणपत्राचा क्रमांक ऑनलाइन पडताळताही येतो.

मग पैसे कशावर घालायचे? शिक्षकावर, आणि पायाखालच्या मॅटवर. कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं ते एका बौद्ध मंदिरातल्या बारा चटयांच्या जागेत, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या शिष्यांसह. पेशाने ते शिक्षक होते. एसी हॉल, आरसे, टीव्हीवरचे व्हिडिओ यांनी फी वाढते, शिकवणं सुधारत नाही. प्रवेशाआधी दोन दिवस पूर्ण वेळ कोपऱ्यात बसून क्लास बघा. सर किती मुलांना नावाने हाक मारतात? एका शिक्षकामागे चाळीस मुलं असतील तर तुमचं मूल रांगेत फक्त हात हलवणार. चुकणाऱ्या मुलाला सर काय म्हणतात, मोठी मुलं लहानांशी कशी वागतात, हेही बघा. पालकांना आत बसायला मनाई असेल तर तिथे मूल घालू नका, सर कितीही नावाजलेले असोत. मुलींच्या क्लासात महिला प्रशिक्षक किंवा निदान एक जबाबदार महिला असावी, असा आग्रह धरा. छातीवर फरशी फोडणं, पोटावरून मोटरसायकल नेणं असे खेळ गॅदरिंगला टाळ्या मिळवतात. वाढत्या मुलाच्या हाडांशी ते करणारा क्लास मी सुचवणार नाही. वजनगटात बसवण्यासाठी शाळकरी मुलाला उपाशी ठेवणाराही नाही.

साहित्याची घाई करू नका. पहिला महिना ट्रॅकपँट आणि टी-शर्टवर निभतो. मग ६०० ते १,२०० रुपयांचा साधा सुती ड्रेस पुरतो. धुतल्यावर आटतो, तेव्हा एक माप मोठा घ्या. क्लासमधूनच घेण्याची सक्ती असेल तर बाजारातली किंमत बघून घासाघीस करा. जागतिक महासंघाची मान्यता असलेले महाग ड्रेस राज्यपातळीच्या आधी नकोतच. माउथगार्डवर मात्र काटकसर करू नका. गरम पाण्यात मऊ करून दातांच्या मापाचा करता येतो, तो दोन-पाचशे रुपयांत मिळतो.

स्पर्धांच्या प्रमाणपत्रांबद्दल फार गैरसमज आहेत. कुठल्याही खासगी संघटनेला हॉल भाड्याने घेऊन ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा भरवता येते, आणि घराच्या भिंतीवर सुवर्णपदकही लटकतं. दहावी-बारावीचे वाढीव गुण किंवा नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण डोळ्यांसमोर असेल, तर तुमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र ग्राह्य आहे ते आधी विचारा. शालेय क्रीडा स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात आणि त्यांत शाळेमार्फत उतरता येतं. तिथली प्रवेशिका खासगी स्पर्धेपेक्षा स्वस्त पडते.

कराटेच हवं असा हट्ट नसेल तर इतर वाटाही बघा. ज्युदोत पहिले काही आठवडे नुसतं पडायला शिकवतात. भित्र्या मुलासाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. ड्रेस जाड असल्याने १,२०० ते ४,००० पर्यंत जातो. पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ, शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अशा जुन्या संस्थांमध्ये चौकशी नक्की करा. गावोगावी अशी व्यायाममंदिरं आहेत आणि त्यांची फी बहुधा खासगी अॅकॅडमीपेक्षा कमी असते. कोल्हापूरकडे तालमीत वस्ताद फी नाममात्र घेतात, खर्च खुराकाचा असतो. पैलवानकी करायचीच असेल तर रोजचं दोन लिटर दूध ७० रुपये दराने महिन्याला ४,२००, शंभर ग्रॅम बदामाचे आणखी अडीच-तीन हजार, तूप-अंडी वेगळी. हौसेने लाल मातीत उतरणाऱ्या पोराला घरचं जेवण आणि लंगोट पुरे. मोठ्यांसाठी मुंबई-पुण्यातल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या जिममध्ये महिना ३,००० ते ८,००० लागतात. तिशी-चाळिशीत सुरू करणाऱ्यांनी गुडघे आणि रक्तदाब डॉक्टरांना दाखवून मगच पैसे भरावेत.

वर्षाची फी एकदम भरली की वीस टक्के सूट, हा आग्रह पहिल्या तीन महिन्यांत मानू नका. महिन्याची फी द्या, मूल रमतंय का ते बघा. एकदम भरलीच तर क्लास सोडल्यास किंवा सर बदलल्यास किती पैसे परत मिळतील, ते पावतीवर लिहून घ्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण त्यांतल्या कोचिंगच्या व्याख्येत खेळ आणि नृत्य येत नाहीत. तरी पैसे घेऊन दिलेल्या सेवेला २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच. आधी क्लासला लेखी तक्रार द्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रार शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. त्यासाठी फीच्या पावत्या, जाहिरातीचा फोटो आणि सरांचे फीबद्दलचे व्हॉट्सअॅप मेसेज पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.