साखर, बीपी आणि खचलेलं मन

आपल्या वस्तीत कुणाच्या ना कुणाच्या घरी साखरेची किंवा बीपीची गोळी चालू असते. गोळीचा हिशोब आपण ठेवतो, मनाचा ठेवत नाही.

आजार कळला की माणूस बसून राहतो. पाय दुखतात, मजुरी बुडते, विहारात येणं थांबतं. झोप नाही, जेवणावर मन नाही. मग गोळी चुकते, साखर वाढते, मन आणखी खचतं. घरचे म्हणतात, 'आळशी झाला.' हा आळस नव्हे. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. साखरेच्या रुग्णांत ते इतरांपेक्षा जास्त आढळतं. लाज कशाची? बाबासाहेबांनाही मधुमेह होता.

यावर औषधाच्या जोडीला चालणं उपयोगी पडतं. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, बीपी आटोक्यात राहायला मदत होते, झोप सुधारते, मन हलकं होतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले. आजार कमी होणं आणि अन्न पचणं हे त्यातलेच.

सोयाबीन काढणाऱ्या, हळदीच्या कामावर जाणाऱ्या बाया विचारतील, 'दिवसभर राबतो, वर आणखी चालायचं?' बरोबर आहे. त्यांना विश्रांती हवी. आम्ही सांगतोय ते घरात बसून राहिलेल्यांसाठी.

सुरुवात दहा मिनिटांनी करा. संध्याकाळच्या वंदनेनंतर दोघं-तिघं मिळून चाला. सोबत असली की खाडा होत नाही. अनवाणी चालू नका, रोज तळपाय बघा. साखरेचं औषध घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा; घाम सुटून थरथरलं की लगेच खावा. छातीत दुखलं तर थांबा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. गोळी मनाने बंद करू नका.

तिशी ओलांडलेल्यांची साखर-बीपी तपासणी सरकारी उपकेंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. मनाचं दुखणं असेल तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जगणं नको वाटतं असं कुणी म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका. लगेच फोन लावा, दवाखान्यात न्या.

आज संध्याकाळी शेजारच्या घरी जा. जो बरेच दिवस बाहेर दिसला नाही, त्याला म्हणा, 'चल, विहारापर्यंत जाऊन येऊ.'