बर्फाचं खातं : जमा किती, खर्च किती?

बुटीबोरीच्या मे महिन्यात, हॉस्टेलचा कूलर गरम हवा फेकत असताना अंटार्क्टिकावर लिहायचं म्हणजे गंमतच! पण विषय आपल्या बँकेच्या पासबुकाइतका सोपा आहे.

वरून पडणारा बर्फ ही जमा. तुटून समुद्रात जाणारे हिमनग आणि वितळून वाहणारं पाणी हा खर्च. खर्च वाढला की समुद्र चढतो. जमिनीवरचा सुमारे ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला, तर जगभर पातळी १ मिलिमीटर वाढते.

आश्चर्य म्हणजे अंटार्क्टिका हे वाळवंट आहे! आतल्या पठारावर वर्षभरात पडलेल्या बर्फाचं पाणी केलं, तर जेमतेम ५० मिलिमीटर भरतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांतच १०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला होता. म्हणजे तिथली दोन वर्षांची जमा!

तिथेही वर्षाच्या जमेचा मोठा वाटा मोजक्याच वादळी दिवसांत येतो. समुद्रावरून दमट हवेचा लांबलचक पट्टा खंडावर चढतो आणि थंड होऊन बर्फ टाकतो. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे तापमानवाढीत अशी हिमवृष्टी वाढू शकते.

आपलं 'मैत्री' केंद्र क्वीन मॉड लँड भागात आहे. तिथे २००९ आणि २०११ मध्ये अशाच वादळांनी प्रचंड बर्फ टाकला. दोन-तीन वर्षांत सुमारे ३५० अब्ज टन जमा! २००२ मध्ये सोडलेल्या 'ग्रेस' या जुळ्या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून हे वजन टिपलं. याच भागातलं आपलं पहिलं केंद्र 'दक्षिण गंगोत्री' तर बर्फाखाली गाडलं गेल्याने १९९० च्या सुमारास सोडावं लागलं.

मग काळजी मिटली का? नाही. मार्च २०२२ मध्ये अशाच एका उष्ण, दमट लाटेने पूर्व अंटार्क्टिकावर भरपूर बर्फ टाकला. पण त्याच दिवसांत किनाऱ्यावरचा काँगर हिममंच कोसळला. एका हाताने जमा, दुसऱ्या हाताने खर्च!

२००२ पासून जवळपास दोन दशकं अंटार्क्टिका दरवर्षी सरासरी १५० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावत होता. २०२१ ते २०२३ मध्ये हिमवृष्टीमुळे वजन वाढलं. पण दिवाळीला मामाने पाकीट दिलं म्हणून महिन्याचा खर्च थांबत नाही. पश्चिमेकडच्या हिमनद्यांना खालून उबदार समुद्र पोखरतोच आहे.

म्हणून 'अंटार्क्टिकात बर्फ वाढला' अशी बातमी वाचलीत, तर लगेच निश्चिंत होऊ नका. आधी विचारा : जमा वाढली, की खर्च घटला? मुंबई-रत्नागिरीचा किनारा या उत्तरावर अवलंबून आहे.