दिवाळी अंकातलं चित्र : कथा हाती आल्यापासून पान छापेपर्यंत

पुण्या-मुंबईच्या संपादकाचा फोन साधारण जून-जुलैत येतो. कथा पाठवतोय, दोन चित्रं हवीत, एक पानभर आणि एक शीर्षकाच्या वर आडवं, गणपतीच्या आत द्या. सातारा-सांगलीकडच्या नव्या चित्रकारांनी त्या फोननंतर काय काय करावं, ते क्रमानं सांगतो. रंग कसा लावायचा हे यात नाही. ते तुम्हाला येतं, म्हणून तर फोन आला.

मासिकासाठी चित्र काढायचं काम या भागाला नवं नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकला शिकलेले. कोल्हापूरच्या ग. ना. जाधवांनी या मासिकांची मुखपृष्ठं रंगवली. गावच्या जुन्या वाचनालयात त्यांचे बांधीव खंड असतील तर एक दुपार काढून बघा. रंगसंगती नंतर, आधी हे बघा की मासिकाच्या नावासाठी जागा कुठे सोडलीय आणि माणसाची नजर कुठल्या बाजूला वळलीय. भिंतीवरच्या चित्राला असली बंधनं नसतात. आपलं चित्र पानासाठी आहे, आणि पुढची सगळी खटपट त्यासाठीच.

१. होकार देण्याआधी विचारायचं

पानाचा आकार काय? बरेच दिवाळी अंक सव्वासात बाय साडेनऊ इंचांचे असतात, पण गृहीत धरू नका. आतली पानं एकरंगी की चाररंगी? कागद मॅपलिथो की आर्ट पेपर? चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार की भोवती समास? कडेपर्यंत जाणार असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंगवावं लागतं. छापल्यावर ते कापलं जातं. मानधन किती, कधी, आणि मूळ चित्र परत मिळणार का?

शेवटचे दोन प्रश्न विचारायला आपल्याकडे भीड वाटते. ‘घरचाच अंक आहे’ म्हटलं की सातारकर गप्प बसतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम माहीत असू द्या : मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून फोन ठेवल्यावर लगेच एक छोटा ईमेल टाका. एवढा मजकूर पुरतो : ‘ठरल्याप्रमाणे दोन चित्रं अमुक तारखेला देतो. या वर्षीच्या दिवाळी अंकात एकदा छापण्याची परवानगी आहे. कॉपीराइट व मूळ चित्रं माझ्याकडे राहतील. चित्राशेजारी नाव छापावं. मानधन अमुक रुपये, अमुक तारखेपर्यंत.’ उत्तरात ‘मान्य’ असा शब्द येऊ द्या आणि मगच पेन्सिलीला टोक करा. हक्क कायमचे लिहून मागितले तर मानधनही त्या हिशेबानं मागा. हक्क लेखी दिले पण मुदत घातली नाही, तर १९ व्या कलमाप्रमाणे ती पाच वर्षांची धरतात. तेव्हा मुदत आपणच घालावी.

२. कथा वाचणं

पहिलं वाचन रिकाम्या हातानं. दुसऱ्या वाचनाला समासात खुणा करा : वेळ कोणती, ऋतू कोणता, माणसाचं वय, अंगावर काय, हातात काय, घर कसलं. लेखकानं नायिकेचं नऊवारी तिसऱ्या पानावर सांगितलेलं असतं आणि चित्रात ती सहावारीत दिसते. वाचकाचं पत्र नेमकं त्यावरच येतं.

मग क्षण निवडायचा. इथे घाई नको. समजा कथा आटपाडीकडची आहे : दुष्काळात म्हातारा खरसुंडीच्या बाजारात बैल विकतो. पहिल्यांदा सुचतं ते नोटा मोजणारे हात किंवा पाठमोरा, रडवेला म्हातारा. दोन्ही सोडा. ते लेखकानं लिहिलंच आहे, आणि शेवट चित्रात दिसला तर वाचक कथेपाशी पोचायच्या आधीच ती संपते. त्याच्या जरा अलीकडे या. गिऱ्हाईक पैसे आणायला गेलंय आणि म्हातारा बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडतोय. गाठ कसून बसलीय, बोटं जाड आहेत. कथेत हे वाक्य नसेलही, पण कथेला ते चालतं. मी तरी असंच चित्र निवडीन. संपादकाला नोटाच हव्या असतील तर त्याच्याशी थोडा वाद घालीन.

३. संदर्भ

आता तो बैल. दोन शिंगं आणि वशिंड काढलं की बैल झाला, असं शहरात चालतं. माणदेशातला वाचक तो खिलार आहे का ते बघतो : पांढरट अंग, लांब निमुळतं तोंड, आणि शिंगं कपाळापासून जवळजवळ निघून मागे झुकत धनुष्याच्या बाकानं वर चढणारी, टोकाला अणकुचीदार. मेंढरं जतकडची असतील तर माडग्याळी मेंढीचं बाकदार नाक आलंच पाहिजे. व्यंकटेश माडगूळकर याच आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, आणि हातात लेखणीइतकाच कुंचला असलेले. त्यांची रेखाटनं बघितली की एवढ्या थोड्या रेषांत जनावर ओळखू कसं येतं, ते कळतं.

वाईकडची कथा असेल तर मेणवलीच्या घाटावर जाऊन बसा. पायऱ्यांची उंची आणि माणूस त्यावर कसा बसतो हे फोटोत कळत नाही. जुन्या काळातला पोशाख हवा असेल तर औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते उभारलं. ते स्वतः चित्रकार. त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ सालचं. पागोट्याचे पेच आणि निऱ्यांची घडी तिथे चांगली अभ्यासता येते. नेटवरचा दुसऱ्याचा फोटो मात्र गिरवू नका. आपला फोन घेऊन बाजारात जावं.

४. कच्ची रेखाटनं

काडेपेटीएवढ्या चौकटी आखून दहा-बारा पर्याय काढा आणि त्यातले तीनच संपादकाला दाखवा. जास्त दाखवले की तो एकातला बैल, दुसऱ्यातला म्हातारा आणि तिसऱ्यातलं आभाळ मागतो. प्रत्येक चौकटीत शीर्षकाची जागा आखून दाखवा. चेहरा बाइंडिंगच्या घडीत जाऊ देऊ नका. शीर्षकावरच्या चित्रात माणसाची दिशा मजकुराकडे असावी. तो पानाबाहेर बघत असला की वाचकही तिकडे बघतो. संमती लेखी घ्या. पेन्सिलीतला बदल पाच मिनिटांचा, रंगातला दोन दिवसांचा.

५. पक्कं काम

छापायच्या मापाच्या दीडपट मोठं काढावं. लहान होताना रेषा घट्ट दिसते. त्याहून मोठं काढलं तर बारीक रेषा हरवतात. एकरंगी कामात शाईची रेघ-रेघ जाळी फार दाट केली तर मॅपलिथोवर शाई पसरते आणि सावलीचा काळा गोळा होतो. याला सोपी परीक्षा आहे. काम अर्धं झालं की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ते छापायच्या मापात लहान करून घ्या. जे तिथे बुजलं ते अंकातही बुजणार.

जलरंग असतील तर ३०० जीएसएमचा कागद, फळीवर गमटेपनं ताणून. जुलैत मेढा, पाटण, महाबळेश्वराकडे हवेत इतकी ओल असते की पहिला थर वाळेपर्यंत दुसरं चित्र सुरू करून होतं. जत-आटपाडीत उलट, रंग पसरायच्या आत वाळतो. वेळेचा हिशेब गाव बघून करा.

६. स्कॅन आणि पाठवणी

रंगीत चित्र छापायच्या मापात ३०० डीपीआय, नुसत्या शाईचं १२००. फाइल टिफ. चाररंगी छपाईत झगझगीत निळा आणि पोपटी मंदावतात, म्हणून सीएमवायकेमध्ये रूपांतर करून स्वतः एकदा बघा. सही कापल्या जाणाऱ्या कडेपासून आत असू द्या. व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून टाकू नका, दबून जातं. ईमेल किंवा ड्राइव्हची लिंक. फाइलच्या नावात कथेचं नाव आणि आपलं नाव.

दुरुस्त्या दोन वेळा, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. बिल चित्राबरोबरच जावं, अंक निघायची वाट बघू नये. छोट्या अंकांचे पैसे जाहिरातींचे पैसे आल्यावर, म्हणजे दिवाळीनंतरच सुटतात. त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नसतो, पण तारीख लिहून घेतलेली असली की आठवण करून देणं सोपं जातं. अंक बाजारात येईपर्यंत चित्र स्वतःच्या पानावर टाकू नका.

अंक हातात आला की छापलेलं पान मूळ चित्राशेजारी ठेवा आणि कुठला रंग किती पडला, कुठली रेषा गेली, ते मूळ चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. कागदाचं आणि छापखान्याचं नावही. पुढच्या जूनमध्ये त्याच अंकाचा फोन आला तर ते लागतं.