कडाक्याच्या थंडीतील डिझेल यंत्रे : जांबे परिसरातून कॅनडात जाणाऱ्यांसाठी संकलित टिपणे

मुळशी तालुक्यातील जांबे, नेरे, मारुंजी या गावांत ट्रॅक्टर, जेसीबी किंवा डंपर चालवलेल्या माणसाला इंजिनाची थंडी फारशी ठाऊक नसते. पुण्यात नोंदले गेलेले नीचांकी तापमानही, १७ जानेवारी १९३५ चे, १.७ अंश सेल्सिअस म्हणजे शून्याच्या वरच होते, आणि एरवी पौषातल्या पहाटे दोनदा सेल्फ मारला की भागते. कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांत मात्र जानेवारीत पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरणे नवलाचे नाही. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या टिपणांचे हे संकलन असून, इंजिन आणि इंधन यांविषयी भरभरून, तर बर्फावरच्या टायरांविषयी जवळजवळ काहीच न आल्याने त्याचा तोल एका बाजूला झुकलेला आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा जोराने दाबली जाऊन इतकी तापते की नोझलमधून उडालेले डिझेल आपोआप पेटते. कडाक्याच्या थंडीत मुळात हवा गार असते, गोठलेले लोखंड तिची उष्णता शोषून घेते, ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरते आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीची ताकद शून्याखाली १८ अंशांच्या आसपास निम्म्यावर येते. इंजिन हळू फिरले की दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटायला जास्त वेळ मिळतो आणि पेटण्याइतकी उष्णता साचतच नाही. त्यामुळे सेल्फ पुन्हापुन्हा मारण्याने बॅटरी उतरण्यापलीकडे काही साधत नाही. खरे काम आदल्या संध्याकाळी करायचे असते, यावर सर्व टिपणांचे एकमत आहे.

एका टिपणात ही कामे नेमकेपणाने दिली आहेत. ‘ब्लॉक हीटर’ म्हणजे इंजिनाच्या ओतीव अंगात बसवलेला, कूलंट गरम ठेवणारा विजेचा हीटर. त्याची पिन बॉनेटखालून बाहेर लोंबते आणि ती घराच्या किंवा वाहनतळाच्या प्लगात लावतात. तो रात्रभर चालू न ठेवता टायमर लावून निघण्यापूर्वी तीन-चार तास चालवावा. तिकडची वीज १२० व्होल्टची असल्याने घरून नेलेली एक्स्टेन्शन वायर वापरू नये, बाहेरच्या थंडीसाठी बनवलेली जाड वायरच घ्यावी. कूलंटमध्ये अँटिफ्रीझ आणि पाणी निम्मेनिम्मे असावे, म्हणजे ते शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतण्याची जी सवय असते, ती तेथे एका रात्रीत ब्लॉक फोडू शकते. ऑइलही १५डब्ल्यू-४० ऐवजी, उत्पादकाची मुभा असल्यास, ५डब्ल्यू-४० किंवा ०डब्ल्यू-४० घालावे.

इंधनाचा प्रश्न अधिक फसवा आहे. डिझेलमध्ये मेण असते आणि ठरावीक तापमानाखाली त्याचे कण धरून फिल्टर तुंबतो. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याची ही मर्यादा हिवाळी डिझेलसाठी ६ आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंशांपर्यंत चालते, आणि आपल्या हवेला ती पुरतेही. पण लडाखसाठी इंडियन ऑइलला नोव्हेंबर २०१९ मध्ये शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे वेगळे डिझेल आणावे लागले. कॅनडात पंपावर ऋतूनुसार डिझेल बदलते; धोका असतो तो शरद ऋतूत भरून ठेवलेल्या टाकीचा. मेण धरू न देणारे रसायन डिझेल गढूळ होण्यापूर्वीच मिसळावे लागते, नंतर त्याचा उपयोग होत नाही. ‘डीईएफ’ हे धूर शुद्ध करणारे युरियाचे द्रावण शून्याखाली ११ अंशांवर गोठते, मात्र त्याच्या टाकीला स्वतःचा हीटर असल्याने त्यात पाणी मिसळण्याचा शहाणपणा करू नये.

सकाळी किल्ली फिरवून हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मगच सेल्फ मारावा. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारल्यास तो वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो. एका ज्येष्ठ योगदात्याने पलित्याने ऑइलचा चेंबर शेकण्याचे समर्थन केले आहे; ते येथे केवळ नोंद म्हणून दिले असून कोणीही तसे करू नये. इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांनी हलके काम द्यावे, कारण नुसते तासभर चालू ठेवलेले डिझेल इंजिन नीट तापत नाही आणि काजळी मात्र धरते. बकेट आणि बूम रिकामे, सावकाश फिरवून हायड्रॉलिक ऑइल सैल करावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतते.

परवान्याविषयीचे टिपण हे मार्गदर्शनापेक्षा तक्रार अधिक आहे. ऑन्टारिओने जुलै २०१७ पासून जड ट्रेलर-ट्रकच्या परवान्याआधी किमान १०३.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि हम्बोल्ट येथील खेळाडूंच्या बसला एप्रिल २०१८ मध्ये झालेल्या, सोळा जणांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रेअरी प्रांतांनीही २०१९ मध्ये तशीच सक्ती आणली. हे टिपण पाठवणाऱ्या कुटुंबाने मायदेशातील कार्यालयातून परवाना खरा असल्याचे पत्र मागवले; शिक्का अस्पष्ट म्हणून ते परत आले, नव्या पत्रात नावाचे स्पेलिंग चुकले आणि तोवर हंगाम संपला. कटुता बाजूला ठेवली तरी सल्ला खरा आहे : पत्र, त्याचे इंग्रजी भाषांतर आणि पासपोर्टाशी जुळणारे नाव, हे सारे विमानात बसण्यापूर्वी हातात असावे.

खंडेनवमीविषयीच्या टिपणात मुलांनी मराठी बोलावे, यंत्राला पाय लागल्यास नमस्कार करावा, झेंडू न मिळाल्यास कागदी माळ चालेल, असा बराच उपदेश आहे आणि त्यातील काही भाग गाळला आहे. तरीही नवमी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, म्हणजे पहिल्या गोठणाऱ्या रात्रींच्या सुमारास येत असल्याने, हळदकुंकू वाहण्याआधी त्याच दिवशी बॅटरी तपासावी, फिल्टर बदलावेत आणि ब्लॉक हीटरची पिन लावून पाहावी, ही सूचना उचलण्यासारखी आहे.

काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेतील बाष्पाचे पाणी होत नाही; फिल्टरखालचे पाणी सोडून द्यावे; आणि एक्स्कॅव्हेटर ओल्या मातीत उभा न करता त्याच्या पट्ट्यांखाली व बकेटखाली फळ्या घालाव्यात, अन्यथा सकाळी इंजिन चालू होऊनही यंत्र जमिनीला गोठून बसलेले असते.