कै. डॉ. पांडुरंग खानखोजे : शेती, संसार आणि कला

अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते. तिच्या पलीकडे वर्धा येथे १८८४ साली पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांचा जन्म झाला. आपल्या वऱ्हाडातील मुलांच्या कानी हे नाव क्वचितच पडते. मेक्सिको देशातील चापिंगो येथील कृषिविद्यापीठात मात्र २०२२ साली त्यांचा पुतळा बसविण्यात आला. परक्या भूमीने एवढा मान द्यावा असे ह्या गृहस्थांनी काय केले, हे विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

देशाच्या पारतंत्र्याची खंत उरी बाळगून ऐन विशीत त्यांनी घर सोडले व जपानमार्गे ते अमेरिकेस गेले. तेथे शेतीशास्त्राचा अभ्यास करीत असतांनाच ते गदर पक्षाच्या चळवळीत सामील झाले. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ते इंग्रजी सैन्याशी लढले. परिणामी मायदेशाचे दार त्यांस बंद झाले. अखेर १९२४ साली त्यांनी मेक्सिकोत आश्रय घेतला, आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले.

त्या देशात नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. भूमिहीनांस जमिनी मिळू लागल्या होत्या. परंतु चांगले बियाणे व ज्ञान ह्यांवाचून नुसती जमीन पोट भरीत नाही. वऱ्हाडात जे स्थान ज्वारीचे, तेच तेथे मक्याचे. मक्याचा तुरा शेंड्यास असतो व कणीस खाली पेरापाशी येते. वाऱ्याने परागकण कोठूनही येऊन पडतात. म्हणून संकर करणारा मनुष्य कणसावर पिशवी बांधतो, निवडलेल्या झाडाचेच पराग त्यावर घालतो, आणि पुढील हंगामात शेकडो रोपांतून एखादेच गुणी रोप वेचून घेतो. ह्या कामी उतावळेपणा चालत नाही. अशाच चिकाटीने खानखोजे ह्यांनी मका व गहू ह्यांचे नवे वाण सिद्ध करण्याचा उद्योग केला. शिवाय खेडुतांकरिता मुक्त कृषिशाळा काढून त्यांनी ते ज्ञान त्यांच्या बांधापर्यंत नेले.

एवढ्यावरच त्यांची ओळख संपत नाही. त्या देशाचे थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा हे त्यांचे स्नेही होते. छायाचित्रकार तीना मोदोत्ती ह्या इटालियन बाईंनी त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे घेतली. रिव्हेरा ह्यांनी मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीत एक भित्तिचित्र काढले आहे. त्याचे नाव, प्रभूच्या प्रार्थनेतील शब्दांची आठवण देणारे, 'आमची भाकर' असे आहे. चित्रात नाना वर्णांची माणसे एका मेजाभोवती बसली असून, भाकर मोडून देणाऱ्या पुरुषाची मुद्रा खानखोजे ह्यांची आहे! ज्यास स्वतःच्या देशात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती, त्याच्या हाती चित्रकाराने साऱ्यांची भाकर दिली.

१९३६ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी जान सिंदिक ह्या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. त्यांस सावित्री व माया ह्या दोन कन्या झाल्या. मेक्सिकोत जन्मलेल्या मुलींना पित्याने दिलेली ही नावे पाहिली म्हणजे त्याचे मन कोठे गुंतले होते हे सांगावे लागत नाही. पुढे सावित्रीबाईंनी पित्याचे चरित्र इंग्रजीत लिहून २००८ साली प्रसिद्ध केले. स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतून नागपुरास राहिले व १९६७ साली तेथेच निवर्तले.

शास्त्राकडे जाणाऱ्या मुलाने चित्रकलेत वेळ दवडू नये, असे पुष्कळ पालकांस वाटते. त्यांनी ह्या चरित्राचा विचार करावा. शास्त्रज्ञ व चित्रकार ह्या दोघांचेही पहिले काम म्हणजे नीट पाहणे. विद्यार्थ्यांनो, अकोल्याच्या कृषिविद्यापीठाचे शिवार पाहावयास जाल, तेव्हा वही व पेन्सिल बरोबर न्या आणि ज्वारीच्या एका कणसाचे चित्र काढा. दाण्यांची मांडणी कशी आहे, बोंडातून दाणा किती बाहेर डोकावतो, कणीस दाट आहे की विरळ, हे पाहिल्यावाचून ते चित्र साधावयाचे नाही. आणि बीजशास्त्राचा पहिला धडाही तोच आहे.