लघुपटाचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्रायोगिक लघुपट करावा, याचे कित्येकांना नवल वाटते. पण या कलेतही हिशेब आहेच. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणजे मिनिटाला १,४४०. प्रमोद पती यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘आबिद’ (१९७२) या लघुपटात चित्रकार आबिद सुरती यांनाच बाहुलीसारखे एकेक चित्र टिपून हलविले आहे. आम्ही मित्रांनी मोबाइलवर हेच करून पाहिले. एक पवित्रा दोन चित्रांना पुरविला, तरी मिनिटाला ७२० पवित्रे लागतात! फिल्मच्या रिळांचा खर्च आज वाचतो. मित्रांचा वेळ मात्र खर्ची पडतोच. म्हणून प्रत्येक पवित्र्याला आधी विचारावे, ‘तू कशासाठी?’ उत्तर न मिळाल्यास तो गाळावा. प्रयोगाला स्वातंत्र्य हवे हे खरे. पण त्याचाही ताळेबंद जुळावा लागतो.