गुडघ्याचं पॅकेज: काय धरलंय, काय नाही

गुडघा बदलायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘पॅकेज कितीचं?’ शहरातल्या खासगी रुग्णालयात एका गुडघ्याला साधारण दीड ते चार लाख सांगतात. हा आकडा सगळं सुरळीत पार पडलं तरचा असतो. काही बिघडलं तर खर्च कोणी सोसायचा, हे सही करण्याआधी विचारायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं.

इम्प्लांटच्या किमतीवर सरकारचा लगाम आहे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये कमाल दर बांधले: कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा 54,720 रुपये, ‘हाय फ्लेक्स’ 56,490, टायटॅनियमचा 76,600, जीएसटी वेगळा. ताजे दर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. बिलात इम्प्लांटची किंमत, ब्रँड, उत्पादक आणि बॅच नंबर वेगळा दाखवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. नुसतं ‘पॅकेज’ लिहिलेलं बिल स्वीकारू नका. ‘हाय फ्लेक्स घ्या, मांडी घालता येईल’ यावरही भाळू नका. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता, यावरच पुढचं बरंचसं ठरतं.

गुंतागुंतींमध्ये सर्वात महागडी जंतुसंसर्गाची. शंभरातल्या एक-दोन रुग्णांना ती गाठते. संसर्ग सांध्यात खोलवर मुरला तर अनेकदा बसवलेला सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता स्पेसर ठेवतात, कित्येक आठवडे औषधं चालतात आणि मग पुन्हा नवा सांधा बसवतात. म्हणजे आणखी दोन ऑपरेशनं, दोनदा भूल, आणि मधले महिने वॉकरवर. दुसऱ्यांदा बसवायच्या सांध्याचा 2017 चा कमाल दरच 1,13,950 रुपये होता. म्हणून साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. किडलेला दात, लघवीचा संसर्ग, पायावरची जखम, अगदी चिघळलेली टाचेची भेगसुद्धा डॉक्टरांना आधी दाखवा. घरी आल्यावर टाक्यांतून पाणी झिरपू लागलं किंवा ताप आला तर मनाने गोळ्या न घेता त्याच सर्जनकडे जा. पोटरी सुजून दुखू लागली तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी. सोबत धाप लागली तर थेट इमर्जन्सी गाठा.

फिजिओथेरपी पॅकेजात बहुधा दोन-चार दिवसांचीच असते. पुढचे दीड-दोन महिने घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे, कमोडची खुर्ची, वॉकर हे वेगळं धरा. इथे हात आखडला तर गुडघाही आखडतो आणि भूल देऊन तो वाकवायची वेळ येऊ शकते.

विमा असेल तर सांधेबदलाची प्रतीक्षा मुदत तपासा; ती 3 वर्षांपर्यंत असू शकते. खोलीभाड्याच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर इतर खर्चातही कपात होऊ शकते, पण इम्प्लांटच्या किमतीला ती लावता येत नाही.

एवढं करून मिळतं काय? 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षं टिकतात. तरीही साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो. क्ष-किरणात झीज थोडी आणि दुखणं फार असेल, तर दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या.

डिस्चार्जच्या कागदांवर इम्प्लांटच्या खोक्यावरचे छोटे स्टिकर चिकटवलेले असतात. नसतील तर मागून घ्या आणि त्यांचा फोटो मुलांच्या फोनमध्येही ठेवा. पंधरा वर्षांनी आतलं प्लास्टिक बदलायची वेळ आली, तर कोणत्या कंपनीचा कोणता नंबर बसवलाय हे सर्जनला त्यावरूनच कळतं.